पुढच्या रांगेचं तिकीट

अक्का, तुझी लेक काल नाटकाला गेली होती. संगीत नाटक, आणि तेही जळगावात. तू असतीस तर हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून निघाली असतीस. नातीने मोबाइलवर तिकिटं काढली. पहिल्या रांगेचा आकडा ऐकून माझे डोळेच पांढरे झाले. तेवढ्या पैशांत आपल्या एरंडोलच्या घरात महिन्याचा किराणा आला असता. ती म्हणाली, "आजी, मागे बसू, स्वस्त पडेल." मी म्हटलं, पुढेच बसायचं. का, ते तिला सांगितलं नाही.

तुझ्या लहानपणी धुळ्याला नाटक कंपनीचा तंबू पडला की आबा, म्हणजे तुझे वडील, तुला बैलगाडीतून घेऊन जायचे. पुढच्या खुर्च्यांवर वकील नि अडते, आणि मागे चार आण्यांत जमिनीवर तुम्ही. तुझ्यापुढे नेमका तंबूचा खांब यायचा, त्यामुळे गाणं पुरतं ऐकलंस, गाणारा मात्र अर्धाच दिसला. तरी एक गोष्ट तू हेरलीस. पद रंगात आलं की तो पुढे यायचा आणि खुर्चीवरच्या कुणाकडे तरी बघून गायचा. तीच पदं तू भाकरी थापताना म्हणायचीस. मी पाटावर जेवत असते, तू तान घेत चुलीकडून वळतेस, माझ्याकडे बघतेस, आणि मला हसू आवरत नाही.

मग जळगावचा तो सिनेमा, तुझा पहिलाच. पुढचं तिकीट सगळ्यांत स्वस्त, हे तू खिडकीवरच्या माणसाला दोनदा विचारून घेतलंस. मग माझ्या कानात म्हणालीस, "पुढलं तिकीट सस्तं आनि मांगलं म्हाग! या लोके येडा शेतस का काय?" त्यांना चूक कळायच्या आत मला ओढत पहिल्या रांगेत नेलंस, पदर सारखा केलास आणि ताठ बसलीस. मध्ये खांब नाही, कुणाचं डोकं नाही. नायक गाऊ लागला तशी तू मान वर करून वाट बघत राहिलीस. एक गाणं झालं, दुसरं झालं, सिनेमा संपला. एसटीत तू मान धरून बसलीस, डोळ्यांत पाणी. विचारलं तर म्हणालीस, "काही नही व, मान आखडनी." गाव जवळ आल्यावर हळूच बोललीस, "इतलं जोडे बठीसनी बी त्यानी एकदाबी मनाकडे देखं नही."

पडद्यावरचा नायक, जवळ बसलं म्हणून तुझ्याकडे बघणार होता! मी खो खो हसले. तू हसली नाहीस, तेव्हा मला कसंतरीच झालं. म्हटलं, मला नोकरी लागू दे, तुला नाटकाच्या पुढच्या खुर्चीत बसवते. नोकरी लागली तोवर तंबू यायचे बंद झाले होते, आणि मी नोकरीवर दीपनगरला असताना तू गेल्याचा निरोप आला. फार वाईट वाटतं गं, अजून वाटतं. आता मॉलमधल्या सिनेमातही पुढचंच स्वस्त आहे, आणि लाह्या तिकिटाहून महाग. त्या लाह्यांचा भाव ऐकून तू दारातूनच परत फिरली असतीस.

काल गाणारा पोरगा माझ्या नातीच्या वयाचा होता. पद रंगलं, तो तान घेत पुढे आला आणि अक्का, त्याने थेट माझ्याकडे पाहिलं. सबंध कडवं माझ्याकडे बघून गायला. ज्यासाठी तू तो आख्खा सिनेमा मान वर करून बसलीस ते मला मिळत होतं, आणि मला घेववेना. ते तुझं होतं. मी खाली बघत राहिले, त्याला बिचाऱ्याला वाटलं असेल म्हातारीला गाणं आवडलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून तुला सांगते. अंधारात नातीने विचारलं, "आजी, रडतेस का?"

मी म्हटलं, "नाही गं, मान आखडली."