ड्रायव्हरशेजारची जागा

बापू, तुमचे वालूरचे दोस्त अजून आहेत. फौजेत तुमच्या मागची गाडी चालवायचे ते. मी लहान असताना एकदा पाथरीला आपल्या घरी आले होते. तुम्ही दोघं ओट्यावर बसलात, चहा झाला, पान झालं, आणि दुपारभर तुम्ही दोघंही गप्प. आईला नवल वाटलं होतं, एवढ्या लांबून माणूस आला आणि बोलायला काहीच कसं नाही. संध्याकाळच्या गाडीला त्यांना बसवून तुम्ही परत आलात तेव्हा मात्र एकदम हलके दिसत होता, हे मला आठवतं. त्यांना मी त्यानंतर कधी पाहिलं नव्हतं. यंदा ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी परभणीला आमच्या दवाखान्यात भरती झाले. म्हातारी माणसं सिस्टरला गाव विचारतात, तसं त्यांनीही विचारलं. मी पाथरी म्हणाले. कुणाची, म्हणाले. मी तुमचं नाव सांगितलं. एका डोळ्यावर पट्टी असलेला तो माणूस उठून बसला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "डायव्हरची पोरगी का तू? मंग मला तुझ्याशी बोलायचंय. पर हितं न्हाई. घरी ये."

मी गेले. सेलूपर्यंत एसटीने, तिथून जीपने. जीपवाल्या पोराने बाईमाणूस म्हणून मला पुढे, स्वतःच्या शेजारी बसायला सांगितलं. मी मागे बसले. आता ती सवयच झाली आहे. आणि ती सवय कुठून लागली हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण ती तुम्हीच लावलीत.

मी दहावीला होते. फौजेतून आल्यावर तुम्ही एसटीवर ड्रायव्हर होता. परभणीला मावशीकडे राहून परत येत होते आणि तुमचीच गाडी मिळाली म्हणून खूश होते. तुमच्या डाव्या हाताला, इंजिनच्या झाकणाजवळची ती आडवी सीट. उन्हाळा, इंजिनची धग, वर एकसारखी घरघर. मानवतच्या अलीकडे माझी मान लवंडली असावी. मला जाग आली ती गाडी थांबल्याच्या धक्क्याने. तुम्ही स्टिअरिंग सोडून माझ्याकडे वळला होता. तुमचा चेहरा असा कधीच पाहिला नव्हता, पांढरा पडलेला. म्हणालात, "झोपायचं आसंल तर मागं जा. हितं झोपायचं न्हाई. ऊठ." सगळी गाडी बघत होती. शाळेतली दोन मुलंही होती गाडीत. मी उठले, पिशवी घेऊन मागे गेले आणि पाथरी येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले. कंडक्टर काकांनी समजूत घातली, डायव्हरशेजारी झोपलं की डायव्हरलाही झोप येते, तो नियमच आहे. आई म्हणाली, डायव्हर लोकांचं असंच असतं. सगळ्यांचं खरंच होतं. पण नियम सांगताना कुणाचा चेहरा तसा होत नाही एवढं मला त्या वयातही कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच ते जास्त लागलं. त्यानंतर मी तुमच्या गाडीत पुढे बसले नाही. तुम्हीही कधी बोलावलं नाही.

तुम्ही एकाहत्तरच्या लढाईत होता हे गावाला माहीत होतं, पण लढाईचं तुम्ही काही सांगितलं नाही. शाळेत प्रजासत्ताक दिनाला तुम्हाला बोलावलं होतं, आठवतं का? हेडसरांनी मोठं भाषण करून तुम्हाला उभं केलं. तुम्ही टोपी नीट केली आणि म्हणालात, "मी पीठ न् कांदे वाहिले. जवान लोकांना खायला लागतं." आणि बसलात. पोरं हसली. मला वाईट वाटलं, मग घरी येऊन मी आईला विचारलं तर तीही म्हणाली की लग्नानंतर लगेच ते गेले, आले, आणि पीठ न् कांदेच सांगितले.

पुढे मी नर्सिंगला लागले. दुसऱ्या वर्षाला सुट्टीत घरी आले तेव्हा तुम्ही माझ्यासाठी घड्याळ आणून ठेवलं होतं. परभणीच्या दुकानात जाऊन तुम्ही दुकानदाराला सांगितलं होतं म्हणे, पोरीला नाडी मोजायची असते, सेकंदाचा काटा मोठा पाहिजे. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसलेले, मी समोर बसून घड्याळ बांधून बघते आहे. तुम्ही भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून माझ्या मनगटाकडे बघताय. मग एकदम विचारलंत, "मार लागलेल्या माणसाला झोपू द्यावं का न्हाई गं?" मी नवी नवी शिकत होते. बाई जसं शिकवायच्या तसं विचारलं, कुठं मार लागलेल्या? तुम्ही म्हणालात, "पोटाला." आई म्हणाली, जेवताना कसलं बोलणं काढलंय. तेवढ्यात डेपोतून माणूस आला, कुणीतरी ड्यूटीवर आलं नव्हतं, सोनपेठची गाडी उभी होती. तुम्ही ताट तसंच ठेवून हात धुतले आणि दारातून वळून मला म्हणालात, "आलो म्हंजी सांग." तुम्ही परत यायच्या आत मी होस्टेलला निघून गेले होते. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाही. आणि मी नोकरीला लागून थोडीच वर्षं झाली होती तेव्हा तुम्ही गेलात.

वालूरला काका अंगणात बाजेवर बसले होते. सुनेने चहा दिला आणि ती आत गेली. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, माझ्यामागं हे कुणाला म्हाईत राहणार न्हाई, म्हणून तुला सांगतो.

मग त्यांनी सांगितलं. पूर्वेकडे, सगळीकडे पाणीच पाणी, तळी, केळी, सुपारीची झाडं. रस्ता म्हणजे दोन तळ्यांमधला बांध. जाताना तुमच्या गाड्यांत तोफांचे गोळे आणि येताना ट्रकच्या त्याच फळ्यांवर भाताचा पेंढा अंथरून जखमी. पीठ आणि कांदेही नेले होते तुम्ही, पण लढाई सुरू व्हायच्या आधी. काका म्हणाले, गोळे घेऊन जाताना भीती वाटायची न्हाई. एक पडला तर समदंच संपणार, त्यात भ्यायचं काय? भीती वाटायची परतताना. खड्ड्यात चाक गेलं की मागं माणसं ओरडायची. हळू न्यावं तर उशीर, जोरात न्यावं तर त्यांचे हाल. तिथले गावकरी आपल्या घरांची दारं उचकटून आणायचे आणि चिखलात चाकाखाली घालायचे, हेही त्यांनी सांगितलं. दार काढून दिल्यावर त्या घरात थंडीत काय राहिलं असेल, म्हणाले.

त्या सकाळी धुकं होतं. तुमची गाडी पुढे, त्यांची मागे. तुमच्या गाडीत मागे जागा उरली नव्हती. एक जखमी जवान, पोरगाच, बसू शकत होता म्हणून त्याला तुमच्या शेजारी बसवला. पोटाला करकचून पट्टी बांधलेली. तो दक्षिणेकडचा होता, हिंदी त्याला चार शब्दांपुरती येत होती. पट्टी बांधणारा पायरीवर चढून तुम्हाला सांगून गेला, "इसको सोने मत देना. बात करते रहो."

आणि तुम्ही बोलत राहिलात. आधी आपल्या परभणीच्या हिंदीत. ती संपल्यावर मराठीत. काका म्हणाले, हे त्यांना तुम्ही त्याच संध्याकाळी सांगितलं आणि नंतर परत कधीच नाही. तुम्ही त्याला पाथरीचा बाजार सांगितला. आपली काळी माती पावसात कशी चपलेला धरून ठेवते ते सांगितलं. नव्या बायकोने पहिल्यांदा भाकरी करताना हात कसा भाजून घेतला ते सांगितलं. तो एकदा हसलासुद्धा. मग तोही त्याच्या भाषेत बोलायला लागला, बराच वेळ काहीतरी सांगत होता, आणि तुम्ही नुसतं हां हां करत होता. मध्ये मध्ये तो पाणी मागायचा. तुम्ही त्याचे ओठ ओले करायचात. त्याची मान कलली की तुम्ही कोपराने ढोसायचात, तो डोळे उघडायचा.

पुढे एक ओढा होता. पूल उडालेला, त्यावर लाकडी फळ्या टाकून वाट केलेली. फळ्या चाकांपेक्षा थोड्याच रुंद. खाली पाणी, मागे गाडीभर माणसं. समोर एक जवान उलटा चालत तुम्हाला हाताने खुणा करत होता. तुम्ही खिडकीतून अर्धे बाहेर वाकून चाक बघत गाडी पुढे काढत होता. तेवढा वेळ तुमचं बोलणं बंद पडलं. पलीकडे गाडी चढवून तुम्ही वळून बघितलं तर तो तुमच्या बाजूला कलून झोपला होता. तुम्ही हलवलं. हाका मारल्या. तंबूच्या दवाखान्यापाशी सगळे जखमी उतरवले, मागचे सगळे जिवंत होते, पण तुम्ही गाडीतून उतरेनात. शेवटी काकांनी दार उघडून तुम्हाला खाली ओढलं. तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते काकांनी मला जसंच्या तसं सांगितलं. "मी पूल बघायलो होतो रे. तेवढ्यात झोपला त्यो. आन् त्यो काय सांगत होता ते बी मला कळलं न्हाई."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या, मी त्यांच्याकडे बघत राहिले. मानवतच्या अलीकडे थांबलेली गाडी मला दिसत होती. माझी मान त्याच बाजूला कलली असणार.

बापू, तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर आता नीट देते. इतकी वर्षं वॉर्डात काढली आहेत, तेव्हा हे पुस्तकातलं नाही. तो झोपल्यामुळे गेला नाही. पोटात आतल्या आत रक्त जात राहिलं की माणूस आधी थंड पडतो, मग पाणी पाणी करतो, मग गुंगीत जातो. ती गुंगी दिसते झोपेसारखी, पण ती झोप नसते, आणि बोलण्याने ती टळत नाही. तुम्ही पूल सोडून त्याच्याकडे बघत राहिला असता तरी ती आलीच असती. फक्त मग तुमच्या मागचे सगळे ओढ्यात गेले असते. आणि तो पट्टी बांधणारा तुम्हाला तसं का सांगून गेला, तेही मी सांगू शकते. मी रोज तसं सांगते. ज्या पेशंटचं आता आमच्या हातात काही उरलेलं नाही, त्याच्या मुलाला मी म्हणते, पाय चोळत बसा, बोलत राहा त्यांच्याशी. पेशंटला जवळ कुणीतरी लागतं, आणि जवळच्या माणसाच्या हाताला काहीतरी काम लागतं. त्या पोराला आपली भाषा कळत नव्हती, पण कुणीतरी आपल्याशी बोलतंय एवढं त्याला शेवटपर्यंत कळत होतं. हे मी समजूत घालायला म्हणत नाही. ऐकू येणं सगळ्यात शेवटी जातं, हे मी बघितलेलं आहे.

हे सगळं मी काकांनाही सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "हे त्याला कुणीतर सांगायला पायजे होतं." म्हणाले आणि डोळ्याला हात लावायला गेले. डोळ्याला हात लावू नका, अजून कच्चा आहे, असं मी सिस्टरसारखं दटावलं. मग आम्ही दोघंही हसलो. निघताना त्यांनी विचारलं, आईला सांगणार का? आईला आता कमी ऐकू येतं, पण मन अजून लख्ख आहे. मी घरी येऊन तिला एवढंच सांगितलं की लढाईत असताना बापू एका जखमी जवानाला तुझ्या भाकरीची गोष्ट सांगत होते. ती कितीतरी वेळ आपला हात उलटासुलटा करून बघत होती. मग म्हणाली, "मला कवा बोलले न्हाईत." बाकीचं मी तिला सांगितलेलं नाही.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, ते मला लिहायला बसतानाच माहीत होतं. पण आणखी एक सांगते. परवा मी काकांना फोन केला आणि म्हणाले, रविवारी परत येते, शेजारच्या गिरणीच्या आवाजात मला त्या दिवशी नीट ऐकू आलं नाही, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगा. ते खुशीने हो म्हणाले. खरं म्हणजे त्या दिवशी वीज नव्हती, गिरणी बंदच होती. शब्द न् शब्द मला ऐकू आला होता. पण काका तुमचं बोलणं सांगतात तेव्हा तुमच्यासारखं बोलतात, मधेच थांबून, खाली बघून, 'रे' जरासा ओढून. तुमचा आवाज मला आता आठवून आठवत नाही, बापू.