गोराईचं शेत आणि टॉप लिंक

४ मे, रविवार
मार्कसला शब्द दिला. पपांचं गोराईचं शेत मी नांगरणार, भात लावणार. तो म्हणाला, अठरा तारखेपर्यंत नांगरून दाखव, नाहीतर लग्नाच्या लॉनला देऊन टाकतो. मोठा भाऊ असला म्हणून माणसाने इतकं निगेटिव्ह असू नये.
सेकंडहँड ट्रॅक्टर घेतला. झकास आहे.

६ मे, मालाड, ऑफिस
लंचमध्ये व्हिडिओ पाहिला. सगळा खेळ ट्रॅक्टर आणि नांगराच्या जोडणीचा. नांगराला खाली दोन दांडे, वर एक. वरच्याला टॉप लिंक म्हणतात. ती नीट लावली की नांगराच्या ओढीनेच मागची चाकं जमीन घट्ट धरतात. अर्धाच पाहिला. विषय कळलाय.

१० मे
टॉप लिंक पार आखूड केली. आखूड केली की नांगर खोल जातो, साधं लॉजिक. नांगर नाकावर उभा राहिला. चाकं जागच्या जागी गरगर. टायर बोगस आहेत.
ज्युलिया बांधावरून म्हणाली, वरचा दांडा जरा लांब कर ना. बायको इन्शुरन्समध्ये आहे, नांगरात नाही.

११ मे, चर्चमधल्या मासनंतर
पुढची चाकं उचलली जातात. बोनेटवर वाळूची पोती बांधली. पुढचा भाग बसला. मागची चाकं आणखीच फिरायला लागली. जमीनच कडक, यार.

१३ मे
सिक लीव्ह. विहिरीचा पंप लावून शेत भिजवलं. हे कुणालाच कसं सुचलं नाही?

१४ मे
वाट लागली. ट्रॅक्टर ॲक्सलपर्यंत आत. एक चप्पलही आत.

१७ मे
उद्या टॉप लिंक लांब करणार. ज्युलियाने सांगितलं म्हणून नाही. मला स्वतःला सुचलं.

१८ मे
चिखल वाळून दगड झालाय. दांडा हलेना. मार्कस आला, त्याने ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "पपांनी याच शेतावर आपल्याला वाढवलं रे, मर्विन."
वाईट वाटलं. फार वाटलं. ज्युलियाला सांगितलं, डोळ्यांत डिझेल गेलं.

२५ मे
लॉनवाले शेत बघून गेले. ट्रॅक्टर राहू दे म्हणाले, त्यावर लाइटिंग करू. पहिलं बुकिंगही झालं. मार्कसने मला पार्किंग सांभाळायला सांगितलंय. गाड्या कुठे रुततात ते माहीत असलेला माणूस हवा, म्हणाला.
मी हो म्हटलं.