कानाची तपासणी, केतकीसमोर

४ ऑगस्ट
आबाला घेऊन शाहूपुरीत कानाच्या दवाखान्यात. फौंड्रीत ग्राइंडिंगवर जन्म गेला त्याचा, आता शेजारी बसून बोललेलं कळत नाही. मशीनवर कोण, तर केतकी! बारावीला आमच्या वर्गात होती. तिनं कानाचा कोर्स केला. मी बी.एस्सी. अर्ध्यात टाकून संतोषदाच्या साउंडवर, मिरवणुकीत स्पीकर लावायला.
केतकी अजून शिकाऊ आहे, मोठ्या मॅडमच्या हाताखाली. आबाच्या कागदावर रेघ आधी सरळ, मग उतार. "बारीक आवाज आधी जातात काका, वयाबरोबर."
आबा : "जाऊ द्यात की. आमच्या घरात बारीक बोलतंय कोण?"
हसली. ते हसणं घेऊन घरी आलो.

७ ऑगस्ट
आबाच्या कानात घालायच्या मशीनचं निमित्त काढून परत गेलो. मॅडम जेवायला गेलेल्या.
"बस साउंडवाले, तुझेपण कान बघू."
काचेची खोली, हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. समोर काच, पलीकडं ती. आवाज सोडताना तिची डावी भुवई जरा वर जाते. मग कानाचं काय काम? भुवई हलली की दाबलं.
"एकदम नॉर्मल! मला वाटलं बाद असशील."
"कान हायत आपलं, चेष्टा न्हाय."
रंकाळ्याला उगाचच चक्कर.

१२ ऑगस्ट
आबाला ट्रायलचं मशीन मिळालं. जेवताना आई चिडली, "अरं ती शिट्टी बंद करा की! डोस्कं उठलं."
आबा : "कसली शिट्टी?"
मीही तेच विचारणार होतो.
आईनं मशीन काढून मुठीत धरलं. मुठीत जास्तच ओरडतंय म्हणाली. माझ्या कानाशी आणलं. काही नाही. आईला पन्नाशी लागली, मला बाविसावं. ती मशीनकडं बघायची सोडून माझ्याकडं बघत राहिली. भाकरी तशीच.

१३ ऑगस्ट
केतकीला शिट्टीचं सांगितलं.
"मग त्या दिवशी कसं आलं सगळं?"
भुवईचं सांगितलं. वाटलं, लाजेल. तोंड उतरलं तिचं. "खुर्ची फिरवून बसवायचं असतं रे. पेशंटला माझा चेहरा दिसता कामा नये. विसरलेच मी."
मॅडमनी आतून ऐकलं. सगळ्यांदेखत झापलं तिला. माझं डोकं फिरलं. "तिला बोलायचं काम न्हाय, लबाडी मी केलीया!" टेबलावर हात आपटला, ग्लास सांडला, कुणाचे तरी रिपोर्ट भिजले.
केतकी : "तू आधी बाहेर जा."
"तुझ्यासाठीच बोललो की."
"मी सांगितलं होतं?"
हाताला सूज. बाकी काय लिहायचं.

१८ ऑगस्ट
हाताच्या सुजेनं कामावर नाही, झोपून झोपून कंटाळा. सगळं गप्प झालं की कानात सूं चालू. आधीपण असायचं बहुतेक.
केतकीचा मेसेज. एवढंच : "२१ ला ये. मॅडमसमोर परत घेणार. आदल्या दिवशी साउंडवर जाऊ नकोस."
'ये' लिहिलंय. तपासणीसाठीच. तरी चार वेळा वाचलं.

१९ ऑगस्ट
संतोषदाला म्हटलं, कानाची तपासणी आहे, उद्याच्या मिरवणुकीला नाही.
"कान दुखतोय तर कापूस घाल! आमाला काय झालंय वीस वर्षांत?" ओरडूनच. तो नेहमीच ओरडतो. का, ते आज कळलं.
"मग परत येऊच नगंस," म्हणाला. मीपण शिव्या देऊन निघालो. कॉलेज गेलं, आता हेही.

२१ ऑगस्ट
खुर्ची भिंतीकडं. जाड आवाज आले, दाबलं. मग नुसतं शांत. ती आवाज सोडतीय की तपासणी संपली, कळेना. अंदाजानं दाबावं वाटलं. अंगठा बटणावरच. नाही दाबलं. तिचा कागद परत खोटा नको.
हेडफोन काढायला तीच आली. कागदावरच्या रेघेत चार हजारापाशी, बारीक आवाजांच्या जागी, खड्डा. हा वयाचा नाही, स्पीकरचा, मॅडम म्हणाल्या. गेलेलं परत येत नाही, आहे ते राखायचं. त्या गेल्या. केतकी समोर बसली आणि म्हाताऱ्या पेशंटशी बोलतात तसं, मोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलायला लागली.
म्हटलं, "हळू बोल की. नेहमीसारखं."
"येईल ऐकू?"
"बघू."
तिनं आवाज उतरवला. मी पुढं वाकलो.