पाचव्या दिवसाचं चित्र

प्रिय आई, प्रभूच्या नावाने तुला सलाम.

आम्ही दोघं बरे आहोत. हे कामावर जाऊ लागलेत, डबा मात्र अर्धा तसाच परत येतो. तुझा गुडघा कसा आहे?

संडे स्कूलच्या मुलांनी उत्पत्तीतली, देवाने जग घडवल्याची चित्रं काढली होती, एकेकाने एकेक दिवस. माझ्या छकुलीकडे पाचवा दिवस होता, पक्षी आणि मासे. एका पाखराला तिने चार पाय काढले. त्यांच्या बाई हसल्या तर म्हणाली, "देवाला सांगा, असंही एक कर."

मासे रंगवायचे राहिले आणि ताप आला, त्यातच ती गेली. बाई म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाकडून पुरं करून घेऊ?" मी म्हटलं, "हात लावू नका."

रविवारी ती चित्रं चर्चमध्ये लावली. एकेका चित्रापुढे मंडळी त्या दिवसाचं कडवं गात होती. ती गेल्यापासून मी गायला तोंड उघडलं नव्हतं. पाचव्या कडव्याला तिचे कोरे मासे पाहिले, आणि देव बाकावर माझ्या शेजारी येऊन बसल्यासारखा वाटला.

खरं सांगते आई, मला त्याच्याशी बोलायचं नव्हतं. पण त्याला उठून जा असंही म्हणवेना. मग कडवं शेवटपर्यंत गायले.

बाबांना एवढंच कळव.

तुमच्या प्रार्थनेवर उभी असलेली,
तुझी थोरली