रागाचा आजार

प्रिय ठकू,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पहिलं पान चारदा वाचलं. सातवा महिना लागला, बाळ आतून लाथा झाडतंय, आणि जावईबापू पाळणा जोडताना स्वतःचीच बोटं ठेचून घेतायत, हे वाचून दुकानात एकटाच हसत बसलो. इथे सगळं ठीक आहे. कागद कापायचं नवं मशीन घेतलं, जुन्याचं पातं आता धारच धरत नव्हतं. आईचा गुडघा दुखतो, पण ऐकते कुठे? दिवसभर उभी राहून बाइंडिंगची पुस्तकं शिवते आणि संध्याकाळी माझ्यावर डाफरते, की स्टूल इतकं लांब का ठेवलंस म्हणून.

दुसरं पान मात्र मी एकदाच वाचलं. त्याचं उत्तर द्यायला चार दिवस गेले. दोन पत्रं लिहून फाडली. हे तिसरं. हे फाडणार नाही.

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे, असं तू लिहिलंयस. माझ्याही आहे. तू आठ वर्षांची होतीस. शाळेतून आलीस तेव्हा दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात एक ताट धड राहिलं नव्हतं, फडताळ आडवं पडलं होतं, आणि आईच्या हातात दुकानातली लोखंडी पट्टी होती. माझ्या कानामागून रक्त वाहत होतं, शर्टाची कॉलर भिजली होती. तुझ्यासमोर तिने आणखी दोनदा मारलं. दुसरा फटका खांद्यावर बसला तेव्हा मी खाली बसलो. तू न्हाणीघरात पळालीस आणि आतून कडी घातलीस. ती उघडायला मला अर्धा तास लागला. तू बादलीमागे अंग चोरून बसली होतीस. मी तुला जवळ घेतलं आणि म्हणालो, "घाबरू नकोस. आईला बरं नाहीये. तिला रागाचा आजार आहे."

ठकू, तिला कसलाही आजार नव्हता.

त्या दिवशी सकाळी दुकानात एक माणूस आला होता. शाळेत गणित शिकवायचा. तोवर मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या बायकोला चांगला ओळखत होतो. ती छापखान्यातून बांधणीचे छापील कागद घेऊन आमच्याकडे यायची. मी कापड आणायला बाजारात गेलो होतो. त्या माणसाने आवाज चढवला नाही, काही नाही. माझ्या अक्षरातल्या पत्रांचं पुडकं आईपुढे ठेवलं, "वाचून घ्या," म्हणाला आणि निघून गेला. आईने उभ्या उभ्या सगळी वाचली. मग ती कापायच्या मशीनखाली घालून दोऱ्याएवढ्या पट्ट्या केल्या. दुकान बंद केलं, ती लोखंडी पट्टी उचलली आणि घरी आली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, तोवर ती मला 'अहो' म्हणायची. त्या दिवशी तिने पहिल्यांदा मला 'तू' म्हटलं. ते आजतागायत सुटलेलं नाही. तुला वाटायचं, आई बाबांना मान देत नाही. बरोबर वाटायचं तुला. पण तो मान मी स्वतःच्या हाताने घालवला होता.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे, कारण तू मधल्या भिंतीपलीकडे असायचीस. ती प्रश्न विचारायची. किती दिवस? कुठल्या खोलीत? माझ्याबद्दल काय बोलायचात? तोच प्रश्न सकाळी, तोच जेवताना, तोच मशीनवर पुस्तक धरलेलं असताना. मी शहाणपणा केला. तिला कमी दुखावं म्हणून, असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर माझी कातडी वाचवायला, मी थोडं थोडं सांगत गेलो. आधी म्हणालो चार-पाचदा. मग म्हणालो सहा महिने. खरी होती दोन वर्षं. आई तुला पोहायला घेऊन जायची ना दर बुधवारी? तेच बुधवार. हे तिला तिसऱ्या महिन्यात एका जुन्या वहीवरून कळलं. मी दाराच्या चौकटीला हात टेकून उभा होतो आणि वर म्हणालो, "झालं गेलं, आता किती उगाळशील?" तिने दार आपटलं. दोन बोटांची हाडं मोडली. तू आवाज ऐकलास तो दाराचा नव्हता, माझा होता. डॉक्टरांना मी सांगितलं, वाऱ्याने दार लागलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. झाडाचं पानही हलत नव्हतं.

तिने मारलं ते बरोबर होतं, असं मी म्हणत नाही. तीही म्हणत नाही. पण तिला ते करावं लागेपर्यंत मी रोज तिला नव्याने फसवत होतो, हे तुला माहीत असायला हवं.

तुला आत्याकडे पाठवलं ते आईने. तुला वाटलं, नकोशी झालीस म्हणून. तुझ्या फ्रॉकच्या घड्या घालताना ती म्हणाली, "माझं हे रूप तिने बघायला नको. आणि तिला यातलं काही सांगू नकोस. तिला बाप हवा." मी मान डोलावली. केवढी सोय झाली माझी! आत्यालाही मी तेच सांगितलं, वहिनीचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून. आत्याने ते तुझ्या मनात पक्कं केलं. मी गप्प बसलो. त्या बाईपाशी गेलो तो एक गुन्हा. हा दुसरा, आणि मला विचारशील तर हा मोठा.

तू गेल्यावर घर आणखी भयंकर झालं. तिने हातोडीने माझी पुस्तकं शिवायची चौकट फोडली, जी माझ्या गुरूंनी दिली होती. उकळती खळ फेकली, ती पायावर सांडली. आणि एक दिवस, भर दुपारी, मला मारायचं सोडून ती स्वतःचं कपाळ भिंतीवर आपटायला लागली. एकदा, दोनदा, भिंतीला लाल डाग. तोवर मी नेहमी मागे सरायचो, समजूत घालायचो, नाहीतर चिडून बाहेर जायचो. त्या दिवशी काय सुचलं कोण जाणे, मी माझा प्लास्टरमधला हात भिंत आणि तिच्या कपाळाच्या मध्ये घातला. ती आपटत राहिली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण हात काढला नाही. शेवटी ती दमली आणि तिथेच जमिनीवर बसली. मी शेजारी बसलो. "विचार," म्हणालो. "सगळं विचार. आज खोटं बोलणार नाही." दिवे लागेपर्यंत ती विचारत होती. मी पहिल्यांदा सगळं सांगितलं, लाज वाटेल ते सुद्धा.

त्याने काही ती शांत झाली नाही, ठकू. उलट आठवडाभर तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. पण तिथून पुढे मी एक गोष्ट शिकलो, की पळायचं नाही आणि स्वतःची बाजू मांडायची नाही. तिच्या मनात ते उसळून आलं की ती नुसतं म्हणायची, "आलं." मी हातातलं काम टाकून समोर बसायचो. कधी शिव्या, कधी रडणं. मारावंसं वाटायचं तेव्हा मी तिच्यापुढे वाया गेलेल्या छापील कागदांचा गठ्ठा ठेवायचो आणि ती तो फाडायची. ढोपराएवढा ढीग व्हायचा. आधी दिवसाला तीनदा. मग आठवड्याला. तिने हात उगारला तो शेवटचा, तू आत्याकडून परत यायच्या आठ महिने आधी. ते आठ महिने गेल्यावर तिने मला शोधून सांगितलं, "आता मी पोरीला आणू शकते." तू आलीस आणि तिच्या जवळून जाताना भिंतीला चिकटून चालायला लागलीस. तिने तुला कारण कधीच सांगितलं नाही.

मला माफ केलंस का, असं मी तिला एकदाच विचारलं. म्हणाली, "माफ केलं असं समजू नकोस. मी राहिले आहे, एवढंच." ठकू, एकवीस वर्षं मी त्या एवढ्यावर जगतोय आणि माझं बरं चाललंय.

आता तुझं दुसरं पान. बाबा, बाळ झाल्यावर तुम्ही एकटेच या, आईच्या हातात बाळ द्यायची मला भीती वाटते, असं तू लिहिलंस. ते पान आईने वाचलं. मी लपवायला गेलो, पण तिच्यापासून कागद लपवायचा धंदा मला आता जमत नाही. तिने चष्मा काढला, पुसला आणि म्हणाली, "तिचं बरोबर आहे. तू जा. मी दुकान बघते." मी म्हणालो, आज तिला सगळं लिहू का? तर म्हणते, "मला बोलावणं यावं म्हणून लिहिणार असशील, तर नको. तुला सांगायचं असेल तर सांग." मला सांगायचं आहे. यानंतर तू मला बोलावलं नाहीस तर मी समजेन. ज्या आजारी आईची मी तुला भीती दाखवली, तशी आई कधी नव्हतीच. होती ती एक मार खाल्लेली बाई, आणि पहिला मार तिला मी दिला होता. बाळ मी पाहिलं नाही तरी चालेल. पण तुझ्या घरी एकाच माणसाची जागा असेल, तर पोरी, तिला बोलाव.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
बाबा