वाटेचा गणपती

११ मे, लेसोथो
पोचलो एकदाचे! आफ्रिकेतलं एवढंसं राज्य, जिकडे बघावं तिकडे डोंगर, आणि घोंगडी पांघरून घोड्यावरून निघालेली माणसं. आमचे त्रिविक्रम बेंगळूरूचे पिढीजात मराठी. पहिल्याच हॉटेलात नवरोबांनी सवयीने कानडी थाटात कॉफी ‘स्वल्प स्ट्राँग’ मागितली. मिळाला चहा.

१३ मे
खिंडीत दगडांची मोठी रास. ड्रायव्हर मोत्लात्सी म्हणाला, येणारा-जाणारा इथे एक दगड ठेवतो, वाट सुखरूप संपावी म्हणून. आमच्या साहेबांनी ठेवला नाही, उचलला. त्याला म्हणे सोंड आहे! मराठी माणसाला जगातल्या कुठल्याही धोंड्यात गणपती दिसतो; आरशात स्वतःचं पोट तेवढं दिसत नाही. मोत्लात्सी म्हणाला, बाई, ती कुणाची तरी वाट आहे. म्हटलं, असू दे, आमच्या देवघरात सुखात राहील.

१९ मे, बेळ्ळंदूर, बेंगळूरू
घर! दगडोबांना जास्वंद वाहिलं. त्रिविक्रम मात्र सोफ्यावर बूट घालून. काढ म्हटलं, तर म्हणे पोचल्यावर काढतो. रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये भल्याभल्यांचं असं होतं.

२४ मे
ऑफिसातून येतो आणि दारातच थांबतो. अजून एक खिंड आहे म्हणतो. हात बर्फासारखे. बुटांना ओली माती, इथे तर सगळं काँक्रीट. शेजारच्या पद्मावतीअक्का सांगत होत्या, लिफ्टमध्ये एकटाच होता गं, पण सरकून कुणाला तरी जागा करून देत होता.

२७ मे
हे सगळं त्या दगडामुळेच. मोत्लात्सीकडे परत धाडणार होते. अक्का खवळल्या, पुजलेला देव कुरियरने पाठवतात होय? विसर्जन कर. पटलं. दुपारी तळ्यात सोडला, वर मोरयाही म्हटलं.
मोत्लात्सीला कळवलं. त्याचं उत्तर आलं: राशीवर परत ठेवला असता तर वाट संपली असती. आता कशी संपणार?

२८ मे
त्रिविक्रम रात्रभर आला नाही. फोन लागतो. वारा, गुरांच्या घंटा, पुष्कळ पावलं. म्हणतो, ही काय आपली बिल्डिंग, दिसतेय, आलोच — सकाळपासून हेच —

२९ मे
बेल वाजली. दार उघडलं. कॉरिडॉर नाही — उतार. धुकं. तो समोरच आहे, हात पुढे केला की तेवढाच लांब जातो — अक्कांना हाक मारली, त्यांचं दारच —

त्याला नुसतं धरून आत ओढायचंय. उभ्यानेच लिहितेय. एक पाय उंबऱ्याच्या आतच ठेवलाय. मागे वळून पाहिलं तर घर