धाकट्या बहिणीकडे तपासणीस गेलेल्या पॅचबाबत

प्रति,
मा. मुख्य देखभालकर्ते,
मुक्त स्रोत ऑपरेटिंग सिस्टिम प्रकल्प.

विषय : माझा पॅच माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीऐवजी अन्य कोणाकडेही तपासणीस देण्याबाबत.
संदर्भ : १) परत आलेला माझा पॅच व त्यावरील शेरा. २) मेलिंग लिस्टवरील माझी लेखी हरकत.

महोदय,

१. अर्जदार गेली बावीस वर्षे कचेऱ्यांमधले प्रिंटर दुरुस्त करतो. आपली सिस्टिम जगभरातली माणसे फावल्या वेळात, पगाराशिवाय घडवतात, हे कळल्यापासून, म्हणजे सहा वर्षांपासून, त्यांच्या यादीत आपलेही नाव लागावे एवढीच अर्जदाराची इच्छा आहे. त्यासाठी दुसरा मॉनिटर घेतला, पाठीला आधार देणारी खुर्ची घेतली, नवख्यांसाठीची आपली पुस्तिका छापून तिला स्पायरल बाइंडिंग करून घेतले. पॅच, म्हणजे कोडमधली एखादी दुरुस्ती, मात्र पाठवला नव्हता. काहीतरी घसघशीत हाती लागेपर्यंत थांबावे, असा विचार होता.

२. अर्जदाराची धाकटी बहीण शाळेत भूगोल शिकवते. तिच्या घरी आपली सिस्टिम अर्जदारानेच बसवून दिली, हे कृपया नोंदीवर घ्यावे. मार्चमध्ये तिचा फोन आला, की प्रिंटरचे झाकण उघडे राहिले तरी पडद्यावर 'कागद संपला' असेच येते. अर्जदार म्हणाला, "झाकण लाव आणि गप्प बस." तिने झाकण लावले, गप्प बसली नाही. आठवडाभर मेलिंग लिस्टवर सगळ्यांना ईमेलने प्रश्न विचारून तिने लोकांना भंडावून सोडले आणि दोन ओळींचा पॅच पाठवला. दोन ओळी! तो चौथ्या दिवशी स्वीकारला गेला आणि तिचे नाव यादीत लागले. ती यादी आमच्या आईने अर्जदाराकडूनच छापून घेतली आणि फ्रिजवर चिकटवली. त्या फ्रिजचे दार अर्जदाराने आजवर तीनदा बसवून दिले आहे. त्याबद्दल फ्रिजवर काहीही चिकटवलेले नाही.

३. अर्जदाराचा जळफळाट झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या भरात सहा वर्षांत टिपून ठेवलेल्या एकेचाळीस दुरुस्त्या त्याने एकाच पॅचमध्ये घालून पाठवल्या. तोवर आपण तिचे ते बारीक प्रश्न पाहून धाकटीला प्रिंटर विभागाची तपासनीस नेमले आहे, याची त्याला कल्पना नव्हती. पॅच परत आला. शेरा, सर्वांसमक्ष, येणेप्रमाणे : "एका पॅचमध्ये एकच बदल असावा. पुस्तिका, पान तीन पाहावे. दादा, जेवलास का?"

४. पान तीन अर्जदाराच्या स्पायरल बाइंडिंगमध्येही आहे. तो मुद्दा नाही. मुद्दा असा, की तेव्हापासून लिस्टवरची अनोळखी माणसेही अर्जदाराला दादा म्हणू लागली, आणि ज्यांचे तोंडही कधी पाहिले नाही अशा एका गृहस्थांनी जेवणात काय होते, हेही विचारले. सबब अर्जदाराने हरकत घेतली, की तपासनिसाने शेऱ्यात घरगुती मजकूर लिहू नये व अर्जदारास रीतसर संबोधावे.

५. अंमलबजावणी तत्काळ झाली. अर्जदाराच्या पुढच्या शंकेला उत्तर आले : "महोदय, आपली शंका मिळाली. पान तीन पाहावे." बस्स. एकोणचाळीस वर्षांत तिने अर्जदाराला महोदय म्हटलेले नाही. दर रविवारी येणारा तिचा फोनही तीन रविवार आलेला नाही. तिचा फोन बिघडला आहे काय, हे आईच्या फोनवरून तपासून पाहिले. बिघडलेला नाही.

६. मसुदा इथवर आल्यावर अर्जदाराने एकेचाळीसपैकी एकच दुरुस्ती वेगळी काढली. शाई भरल्यावरही 'शाई संपली' ही सूचना पडद्यावरून हटत नाही, त्याबद्दलची. ती तीन ओळींत बसली. धाकटीपेक्षा एक ओळ जास्त, याचीही नोंद व्हावी. आता ही कोणी तपासावी, याचा विचार करता त्या विभागात तिच्याइतके बारकाईने पाहणारे दुसरे कोणी नाही. हे लिहिताना अर्जदाराच्या पोटात दुखते, पण ते खरे आहे.

तरी विनंती, की विषयातील मागणी रद्द समजावी, संदर्भ २ ची हरकत मागे घेतल्याचे तपासनिसांस कळवावे, आणि सोबतचा पॅच तिच्याकडेच द्यावा. विषय बदलून अर्ज नव्याने लिहिता आला असता. पण तसे करीत बसलो तर आणखी सहा वर्षे जातील.

आपला,
नम्रपणाचा सराव करीत असलेला,
(सही)
प्रिंटर दुरुस्तीवाला
रविवार, दि. १४

सोबत :
१) पॅच. बदल : एक. ओळी : तीन.
२) संदर्भ १ च्या शेऱ्यातील अखेरच्या प्रश्नाचे उत्तर : नाही, अजून नाही.